जिप्सीला डिफरन्शिअल लॉकर बसवताना

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एक नाला लागतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही; पावसाळ्यात मात्र प्रत्येक पुरानंतर त्याच्या काठाचा आकार बदलतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या नाल्यातून वर चढताना माझ्या मारुती जिप्सीचे पुढचे डावे चाक एका दगडावर चढले, मागचे उजवे दुसऱ्या दगडावर चढले, आणि उरलेली तिरपी जोडी, म्हणजे पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक, जमिनीपासून सुटून नुसती गरगरू लागली. गाडी फोर-बाय-फोरमध्ये होती, लो गिअर लावलेला होता, टायर नवे होते, तरीही ती जागची हलेना. अर्ध्या तासाने पाड्यातला एक ट्रॅक्टर आला. ओढताना त्याचेही एक मागचे चाक गाऱ्यात फिरू लागले, तेव्हा चालकाने उजव्या टाचेने खालचा डिफ लॉकचा, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र बांधणारा, पेडल दाबला. दोन्ही चाके एकदम धरली गेली आणि जिप्सी काठावर आली. लगेच त्याने टाच उचलली, मग ट्रॅक्टर वळवला.

ट्रॅक्टरचा हा पेडल मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वडील तो वापरायला शिकवताना दोनच गोष्टी सांगत: चाक जोरात फिरत असताना तो दाबायचा नाही आणि दाबलेला असताना वळायचे नाही. माझ्या गाडीला तशी सोय असती तर, हा विचार त्या दिवशी डोक्यात शिरला, आणि पुढचे जवळजवळ एक वर्ष मी त्यामागे लागलो. काय पाहिले, काय चुकले आणि शेवटी काय बसवले ते येथे लिहीत आहे, कारण आपल्या भागात जुन्या जिप्सी आणि जीप घेऊन डोंगरात कामासाठी जाणारे अनेक जण आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे बजेट माझ्यासारखेच असते.

मी शहाद्याला राहतो. सौरपंप बसवणे आणि त्यांची देखभाल करणे हे माझे काम. पॅनल आणि पाइप दुसऱ्या गाडीतून जातात. जागेची पाहणी आणि दुरुस्ती यांसाठी मी २०११ ची जिप्सी किंग वापरतो. म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत तोरणमाळकडे जाणारा रस्ता किंवा तळोद्याहून कोठारमार्गे चांदसैली घाट चढून धडगावला जाणारा रस्ता हे माझे नेहमीचे मार्ग आहेत. हे दोन्ही डांबरी आहेत. अडचण सुरू होते ती डांबर सोडून पाड्याकडे वळल्यावर, शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये.

आधी मूळ प्रश्न नीट समजून घ्यावा लागला. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शिअल एक्सलच्या मध्यभागी असतो. साध्या डिफरन्शिअलचा नियम असा की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, आणि तेवढाच क्षुल्लक जोर जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. त्यामुळे पकड असलेले चाक उभे राहते आणि पकड नसलेले फिरते. फोर-बाय-फोर लावल्याने पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडला जातो, पण प्रत्येक एक्सलच्या आतला हा नियम तसाच राहतो. म्हणून तिरपी चाके सुटली की चार चाकांची गाडीही हतबल होते. लॉकर चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही शाफ्टांना एकत्र बांधतो, आणि मग चाक हवेत आहे की जमिनीवर हा प्रश्नच उरत नाही.

लॉकर विकत घेण्यापूर्वी मी एक गोष्ट केली आणि ती केल्याचे मला आजही समाधान आहे. त्या पावसाळ्यात गाडी जेव्हा जेव्हा अडकली, तेव्हा तेव्हा वहीत नोंद केली: जागा, माती, कोणते चाक फिरत होते आणि गाडी कशाने सुटली. ऑक्टोबरपर्यंत १४ नोंदी झाल्या. त्यांपैकी ८ वेळा तिरपी चाके सुटलेली होती. ३ वेळा काळ्या मातीत गाडी पोटावर टेकली होती. २ वेळा ओल्या मुरुमाच्या चढावर चारही चाके घसरली, आणि एकदा पाणी वाढलेले दिसल्याने मीच अलीकडे थांबलो होतो. पोटावर टेकलेल्या गाडीला लॉकर काही करू शकत नाही. तिथे फावडे लागते, फळी लागते किंवा दुसरी गाडी. काळी माती टायरच्या नक्षीत इतकी बसते की चाकाचा गुळगुळीत गोळा होतो, आणि मग दोन चाके एकत्र बांधली काय किंवा सुटी ठेवली काय, फरक पडत नाही. म्हणजे लॉकरचे खरे काम १४ पैकी ८ ठिकाणी होते.

त्या ८ पैकी ३ वेळा गाडी कोणताही खर्च न करता सुटली होती. एक उपाय म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. मी ती २६ वरून १६ पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याने टायर पसरतो आणि दगडाला चिकटून चालतो. दुसरा उपाय ब्रेकचा. लो गिअरमध्ये ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवायचा आणि त्याच वेळी डाव्या पायाने ब्रेक थोडा दाबायचा. हवेतल्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळतो, त्याला फिरवायला जोर लागतो, आणि तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही जातो. ब्रेक तापतात, क्लच सांभाळावा लागतो, पण हाताशी दुसरे काही नसताना ही युक्ती उपयोगी पडते. ज्यांना लॉकरचा खर्च झेपत नाही त्यांनी आधी हे दोन उपाय मनापासून करून पाहावेत.

उरलेल्या ५ नोंदींसाठी पर्याय शोधायला लागलो. सगळ्यांत स्वस्त पर्याय आमच्या भागातल्या प्रत्येक वेल्डरला ठाऊक आहे: डिफरन्शिअल उघडायचा आणि चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे आतले छोटे गिअर, म्हणजे स्टार गिअर व सन गिअर, एकमेकांना वेल्ड करून टाकायचे. खर्च दीड-दोन हजार. निव्वळ दगडधोंड्यांत चालवायच्या गाडीसाठी काही लोक ते करतात, पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी तो विचार दुसऱ्याच दिवशी सोडून दिला. वेल्ड केलेला एक्सल कधीच सुटा होत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणावर एक टायर फरपटतो, शाफ्टवर पीळ बसतो आणि ओल्या घाटात गाडी सरळच जायला पाहते. त्यातच हे गिअर कठीण पोलादाचे असल्याने त्यांच्यावरचा वेल्ड ठिसूळ होतो, आणि त्याचा तुकडा सुटून क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर एक्सलमध्ये आणणाऱ्या मुख्य गिअरच्या जोडीत, गेला की दीड हजारांची बचत सगळा संच घेऊन जाते.

लिमिटेड स्लिप प्रकारात आत क्लच प्लेट असतात. रस्त्यावर तो सौम्य वागतो, पण चाक पूर्ण हवेत असेल तर त्याची ताकद प्लेटच्या दाबाइतकीच, आणि प्लेट कालांतराने झिजतात. टॉर्सनसारख्या गिअरवर चालणाऱ्या प्रकारात झिजण्याचा त्रास कमी असतो, मात्र तो पकड असलेल्या चाकाला दुसऱ्या चाकाच्या जोराच्या काही पट जोर देतो. हवेतल्या चाकाचा जोर शून्य असेल तर शून्याची पट शून्यच राहते, आणि पुन्हा ब्रेकचा आधार घ्यावा लागतो. माझ्या वहीतल्या ८ नोंदींचे दुखणे हवेत सुटलेले चाक हेच होते, म्हणून हे दोन्ही पर्याय बाजूला पडले.

एका मित्राने सुचवले की जिप्सी विकून लॉकरसह आलेली थारच घ्यावी. सूचना विचार करण्यासारखी होती. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये मागच्या एक्सलला ईटन कंपनीचा यांत्रिक लॉकर दिला होता. त्यात कोणतेही बटण नसते. दोन चाकांच्या गतीतला फरक मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांवर गेला की आतली छोटी वजने बाहेर फेकली जातात, क्लच प्लेट आवळल्या जातात आणि एक्सल बांधला जातो. गाडीचा वेग ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या वर असेल तर तो लागतच नाही, त्यामुळे हमरस्त्यावर त्याचा धोका नाही. मला ही रचना फार आवडली. पण जुनी थार आणि माझी जिप्सी यांच्या किमतीतला फरक काही लाखांचा होता, आणि पाड्याच्या वाटा बैलगाडीच्या रुंदीच्या असतात. तिथे जिप्सीचा अरुंदपणा आणि टनभर वजन हीच माझी मोठी जमेची बाजू आहे.

मग राहिले दोन मार्ग. पहिला म्हणजे चालकाने हवा तेव्हा लावायचा आणि हवा तेव्हा सोडायचा लॉकर, ट्रॅक्टरच्या पेडलसारखाच. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर यात सर्वांत प्रसिद्ध आहे. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की छोट्या कॉम्प्रेसरची हवा आत जाते आणि एक्सल बांधला जातो, बटण सोडले की गाडी पूर्ववत साधी होते. गुणांच्या दृष्टीने याहून चांगले काही नाही, हे मी आजही म्हणेन. मात्र त्यात डिफरन्शिअलची संपूर्ण केज, म्हणजे आतले गिअर धरणारी पेटी, बदलते, बेअरिंग आणि क्राउन-पिनियन नव्याने जुळवावे लागतात, कॉम्प्रेसर, नळी आणि वायरिंग वेगळे. मला सगळे धरून एक लाख चाळीस हजारांचा आकडा सांगण्यात आला. गाडीच मी अडीच लाखांत घेतली होती.

दुसरा मार्ग लंचबॉक्स लॉकरचा. डबा उघडावा तशी मूळ केज उघडायची, आतले स्टार आणि सन गिअर काढायचे आणि त्या जागी दातेरी चकत्यांच्या दोन जोड्या बसवायच्या. केज, बेअरिंग, क्राउन-पिनियन सगळे मूळचेच राहते. सरळ जाताना किंवा चाक घसरताना दोन्ही बाजू बांधलेल्या असतात. वळणावर बाहेरचे चाक पुढे धावू लागले की त्या बाजूच्या चकत्या एकमेकींवरून कट्-कट् करत सरकतात आणि त्या चाकाला मोकळे सोडतात. बटण नाही, हवा नाही, वायर नाही. परदेशातून मागवलेले किट जकात आणि कुरिअरसह मला ३८,००० रुपयांना पडणार होते. निर्णय जवळजवळ झालाच होता.

पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी मिस्तरींनी मला थांबवले. चाळीस वर्षे जीप आणि जिप्सी उघडलेला हा माणूस कमी बोलतो. ते म्हणाले, "भाऊ, पहिले दात मोजी ल्या, मंग पैसा भरा." एक्सल शाफ्टच्या टोकाला ज्या उभ्या खाचा असतात त्यांची संख्या किटमधल्या चकत्यांशी जुळली पाहिजे, नाहीतर किट कपाटात ठेवण्याच्या लायकीचे. सुझुकीच्या या घराण्यात २२ दातांचे आणि २६ दातांचे असे दोन्ही शाफ्ट सापडतात, आणि बारा वर्षे वापरलेल्या गाडीत मधल्या मालकाने काय बदलले असेल ते कागदपत्रे सांगत नाहीत. आम्ही मागचा ड्रम काढला, बॅक प्लेटचे चार नट सोडले आणि शाफ्ट बाहेर ओढला. रॉकेलने टोक पुसल्यावर मिस्तरींनी एका दातावर खडूचा ठिपका दिला आणि खिळ्याचे टोक एकेका खाचेतून फिरवत मोजले. २६ भरले. मी पुन्हा मोजले, तेव्हाही २६. त्याच बैठकीत दोन्ही शाफ्टांना पीळ बसला आहे का, खाचांच्या कडा तिरप्या झाल्या आहेत का, हेही पाहून झाले.

किट जानेवारी २०२४ मध्ये आले. पुढच्या एक्सलला बसवायचे की मागच्या, हा प्रश्न होता. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी मागच्या एक्सलला बसवा असे सांगितले. कारण बरोबरच होते: चढावर वजन मागे सरकते, म्हणून पकडही मागच्या चाकांना जास्त मिळते. मीही तेच ठरवले.

बसवण्याचे काम दीड दिवसाचे झाले. तेल काढले, दोन्ही शाफ्ट बाहेर घेतले, प्रॉपेलर शाफ्ट सोडला आणि डिफरन्शिअलचा संच हाउसिंगमधून काढून टेबलावर घेतला. केज उतरवण्यापूर्वी मिस्तरींनी दोन्ही बेअरिंग कॅपवर आणि त्यांच्या बाजूच्या ॲडजस्टर नटांवर पंचने खुणा केल्या: डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. डायल गेज लावून क्राउन आणि पिनियन यांच्यातला बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, आधीच मोजून भिंतीवर लिहून ठेवला. या खुणांमुळेच सगळे परत त्याच जागी बसते आणि नव्याने जुळवाजुळव करावी लागत नाही. स्वस्त लॉकर स्वस्त राहण्याचे गुपित याच दहा मिनिटांत आहे. मग क्राउन उतरवले, स्टार गिअर ज्यावर फिरतात ती आडवी पिन ठोकून काढली आणि जुने गिअर बाहेर आले.

पिन हातात घेऊन मी नखाने चाचपली, तेव्हा मध्याजवळ एक बारीकशी पायरी लागली. डोळ्याला ती जेमतेम दिसत होती. किटच्या कागदावर स्पष्ट लिहिले होते की झिजलेली पिन वापरू नये, कारण लॉकरचा सगळा जोर चकत्यांच्या खाचेतून याच पिनेवर येतो. नवी पिन धुळ्याहून मागवली. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आली. तोवर काम थांबले, पण थांबलो हे योग्यच झाले.

चकत्या बसवताना सगळ्यांत महत्त्वाचे माप म्हणजे पिन मध्ये असताना समोरासमोरच्या दोन दातेरी भागांमधली फट. माझ्या किटसाठी ती ३.७ ते ४.३ मिलिमीटरच्या दरम्यान यायला हवी होती. कमी आली तर लॉकर वळणावर सुटणार नाही, जास्त आली तर दात पूर्ण खोल बसणार नाहीत आणि जोर पडला की घसरून तुटतील. फीलर गेजची पाती एवढी जाड नसतात, म्हणून मिस्तरींनी ४ मिलिमीटरच्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी फटीत घातली. ती अंगाला घासत, पण न अडकता गेली. व्हर्नियरने मोजले तेव्हा ४.० आले. दोन्ही बाजूंना सारखे आले, याचा मला विशेष आनंद झाला. मग बारीक स्प्रिंगा आणि त्यांच्या पिना चिमट्याने एकेक करून बसवल्या. त्या उडू नयेत म्हणून वरून ओले फडके धरायचे काम माझे होते.

सगळे परत जोडून बॅकलॅश मोजला तर भिंतीवर लिहिलेलाच आकडा आला. गाडी जॅकवर असतानाच चाचणी घेतली. गिअर लावून ठेवला, मदतनिसाने एक मागचे चाक मागच्या दिशेने दाबून धरले आणि मी दुसरे चाक पुढे फिरवले. ते थोड्या विरोधासह कट्-कट् आवाज करत फिरले. तेच उलट बाजूने करून पाहिले. मजुरी सहा हजार, पिन, तेल, सील आणि गॅस्केट मिळून सव्वादोन हजार.

पुढचे पाच महिने मी खूश होतो. ज्या नाल्याने मला या मार्गाला लावले तिथे मार्चमध्ये मुद्दाम गेलो आणि चाके तशीच तिरपी लटकावली. गाडी लो गिअरमध्ये रांगत वर आली, ॲक्सिलरेटरही वाढवावा लागला नाही. डांबरावर चौकात वळताना मागून कट्-कट् ऐकू येई, कधी पाय उचलताना धक्का बसे, पण त्याची सवय झाली. दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे ठेवणे आवश्यक होते, नाहीतर गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढत असे.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर चांदसैली घाट चढत होतो. सगळ्या उन्हाळ्याची धूळ आणि तेल डांबरावर पसरून बुळबुळीत झालेले होते. टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, दुसऱ्या गिअरवर, ताशी पंचवीसच्या आसपास एका उलट्या वळणात शिरलो, आणि वळणाच्या मध्यावर गाडीचा मागचा भाग अचानक बाहेरच्या कठड्याकडे सरकला. पाय उचलताच खालून मोठा धक्का बसला आणि शेपूट पुन्हा आत आले. समोरून काही येत नव्हते म्हणून निभावले. शेजारी बसलेला माझा सहकारी धडगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

काय झाले ते त्या रात्री कागदावर आकृती काढून समजून घेतले. वळणावर बाहेरचे चाक पुढे धावते, तेव्हा लॉकर त्याला मोकळे सोडतो, म्हणजे सगळा जोर एकट्या आतल्या चाकावर जातो. वळणात आतले चाक आधीच हलके झालेले असते. ते घसरले की त्याची गती बाहेरच्या चाकाला गाठते आणि लॉकर दोघांना बांधतो. मग दोन्ही चाके एकत्र घसरतात आणि मागच्या भागाला बाजूने धरून ठेवणारे काहीच राहत नाही. साध्या डिफरन्शिअलमध्ये अशा वेळी आतले चाक एकटे गरगरते आणि बाहेरचे शांतपणे फिरत राहून गाडीचे शेपूट जागेवर धरते. ज्या गुणाला मी नाल्यात दोष म्हणत होतो, तोच घाटात माझे रक्षण करत होता. लांब आणि जड गाडीला हे कमी जाणवते. जिप्सी आखूड आहे, हलकी आहे, आणि माझी बहुतेक वेळा मागे रिकामीच असते.

तेव्हा मी वही पुन्हा उघडली आणि आधीच करायला हवा होता तो हिशेब मांडला. माझी गाडी वर्षाला सुमारे १७,००० किलोमीटर चालते. त्यातले डांबराबाहेरचे फार तर ९००. लॉकर मला त्या ९०० किलोमीटरमधल्या मोजक्या जागांसाठी हवा होता, आणि त्यासाठी मी उरलेल्या १६,००० किलोमीटरवर गाडीचा स्वभाव बदलून टाकला होता. त्या ८ नोंदी एकेक करून तपासल्या: प्रत्येक वेळी पुढचे एक आणि मागचे एक चाक सुटलेले होते, म्हणजे कोणताही एक एक्सल बांधला असता तरी त्याचे जमिनीवरचे चाक गाडी ओढू शकले असते. मागचाच हवा अशी नोंद त्यात एकही नव्हती. आणि पुढच्या एक्सलची खासियत अशी की जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब आहेत, ते चाक शाफ्टला जोडतात किंवा सोडतात. हब मोकळे असतील तर टू-व्हीलमध्ये पुढचा डिफरन्शिअल चाकांपासून पूर्ण सुटा असतो, आतला लॉकर आहे की नाही हे रस्त्याला कळतही नाही. म्हणजे हबच माझे बटण होणार होते, एक लाख चाळीस हजारांऐवजी.

मिस्तरींना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ विचार करत राहिले आणि मग एकच शंका काढली: पुढच्या चाकांच्या आतला जॉइंट. वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारा हा गोळ्यांचा जॉइंट हलक्या गाडीच्या मानाने बनवलेला असतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना तो सर्वांत दुबळा असतो. लॉकर लावला की एका चाकावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जोर येऊ शकतो. शंका खरी होती. मी ठरवले की टायर मूळ मापाचेच राहतील, मोठे कधी घालणार नाही, आणि स्टिअरिंग टोकापर्यंत वळलेले असताना ॲक्सिलरेटर देणार नाही. चाक अडले तर आधी स्टिअरिंग सरळ करायचे, थोडे मागे यायचे आणि मगच जोर लावायचा.

जुलैमध्ये किट मागून काढून पुढे बसवले. पुढच्या शाफ्टचे दातही २६ च होते, त्यामुळे तेच किट चालले. पुढचे काम मात्र मागच्याहून किचकट असते: हब, स्पिंडल उतरवून शाफ्ट जॉइंटसह बाहेर काढावे लागतात, नकलचे, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्याचे, सील नवे घालावे लागतात, आणि उघडलेच आहे तर त्याच सांध्यातल्या किंग पिनचे बेअरिंगही बदलून घ्यावेत असे मिस्तरींचे म्हणणे पडले, ते मी मान्य केले. मजुरी आणि सुटे भाग मिळून साडेअकरा हजार गेले. दोन्ही वेळचा खर्च धरून बेरीज अठ्ठावन्न हजारांच्या जवळ पोचली. सरळ पुढेच बसवले असते तर ती पन्नास हजारांत आटोपली असती.

पुढे लॉकर असलेली गाडी चालवायला वेगळी लागते. फोर-बाय-फोरमध्ये स्टिअरिंग जड होते आणि सोडले की सरळ व्हायला धावते. दगडांत अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवून ठेवणे धोक्याचे आहे. गाडीला वळायला जास्त जागा लागते. ओल्या डांबरावर फोर-बाय-फोर लावणे मी पूर्ण बंद केले. उभ्या चढावर पुढची चाके हलकी होतात तेव्हा मागच्या लॉकरइतका फायदा मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. राणीपूरच्या पुढे एका पाड्याच्या मुरुमाच्या चढावर मला ते दोनदा जाणवले आणि दोन्ही वेळा टायरची हवा कमी करून, चाकांची वाट बदलून वर जावे लागले. ज्यांची गाडी बहुतांश डोंगरातच, लो गिअरमध्ये आणि भरलेली चालते, त्यांनी मागच्या एक्सलचाच विचार करावा. ज्यांच्या गाडीला हाताचे हब नाहीत त्यांना माझा हिशेब लागूच पडत नाही. आणि ज्यांना परवडते त्यांनी बटणाचा लॉकर मागच्या एक्सलला बसवावा, त्याला पर्याय नाही.

त्या पावसाळ्यात गाडी ६ वेळा अडकली. ४ वेळा काळ्या मातीत पोटावर, २ वेळा त्या मुरुमाच्या चढावर. तिरप्या चाकांची नोंद एकही नाही. सप्टेंबरअखेर पुढच्या डिफरन्शिअलचे तेल बदलले, तेव्हा खालच्या चुंबकी प्लगवर राखाडी मऊ लेप होता. तो बोटांत चोळून पाहिला, खडा एकही लागला नाही. जॉइंटच्या सीलमधून तेल झिरपलेले नव्हते. चांदसैलीच्या त्या वळणावरून आता टू-व्हीलमध्ये, हब मोकळे ठेवून जातो. डांबर संपते तिथे गाडी थांबवून खाली उतरतो, दोन्ही हबच्या चकत्या हाताने लॉककडे फिरवतो, आणि परतीच्या वाटेवर डांबर लागले की पुन्हा उतरून त्या मोकळ्या करतो. पाऊस चालू असला की प्रत्येक वेळी भिजायला होते.